डिशमधल्या भ्रूणाला सोबत लागते का?

१९६२ साली एक भन्नाट प्रयोग प्रसिद्ध झाला. मेंढ्यांचे अगदी कोवळे, मोजक्या पेशींचे भ्रूण इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला न्यायचे होते. एवढ्या प्रवासात त्यांना सुखरूप ठेवेल असा भरवशाचा द्रव तेव्हा कुणाकडे नव्हता. मग संशोधकांनी ते भ्रूण सशाच्या मादीच्या गर्भनलिकेत ठेवले आणि ससेच विमानात चढवले. तिकडे पोचल्यावर भ्रूण काढून मेंढ्यांच्या पोटात सोडले आणि यथावकाश कोकरं जन्मली.

मेंढीच्या भ्रूणाला सशाची नलिका चालते. मग ती नलिका त्याला नेमकं देते तरी काय? आणि नलिकेतून खरवडून काढलेल्या थोड्या पेशी काचेच्या डिशमध्ये तेच काम करतील का? या दुसऱ्या प्रश्नातून को-कल्चर ही पद्धत उभी राहिली. पोषक द्रवात भ्रूण एकटा न ठेवता जिवंत पेशींच्या थरावर, त्यांच्या सोबतीनं वाढवायचा, एवढाच तिचा अर्थ. आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवण्याच्या उपचारात तिचा खूप बोलबाला झाला आणि पुढे ती बरीचशी मागे पडली. माझं मत आधीच सांगून टाकतो: या पेशींनी भ्रूणांना मदत केली हे खरं, पण त्याहून मोठी मदत संशोधकांना केली. आपल्या डिशमध्ये काय बिघडलेलं आहे, हे त्यांच्यामुळे कळलं. बिघाड दुरुस्त होत गेला तशी त्यांची गरजही कमी होत गेली.

आधी भ्रूणाचे पहिले पाच-सहा दिवस पाहू. माणसाचं स्त्रीबीज साधारण एक दशांश मिलिमीटरचं. शुक्राणूशी त्याची गाठ पडते ती गर्भनलिकेच्या रुंद भागात. पुढचे तीनेक दिवस भ्रूण नलिकेतच असतो, मग हळूहळू गर्भाशयात उतरतो. दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ, चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट बिलगून गोळा होतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी आत पोकळी असलेला ब्लास्टोसिस्ट तयार होतो. इथे पहिल्यांदा कामाची वाटणी दिसते. आतल्या पुंजक्यातून बाळ घडतं, बाहेरच्या थरातून वार. शेवटी भ्रूण स्वतःभोवतीचं पारदर्शक कवच फोडून बाहेर येतो आणि गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो.

सुरुवातीच्या दिवसांत भ्रूण आकारानं वाढतच नाही. तेवढ्याच ऐवजाचे लहान लहान वाटे पडत जातात. लागणारी प्रथिनं आणि ती बनवायच्या सूचना आईनं बीजात आधीच भरून ठेवलेल्या असतात. ही शिदोरी संपत आली की भ्रूणाला स्वतःची जनुकं चालू करावी लागतात. माणसात हा बदल चार ते आठ पेशींच्या दरम्यान होतो, हे १९८८ साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं. थोडक्यात, तिसऱ्या दिवसापर्यंत भ्रूण बराचसा आईच्या पुण्याईवर चालतो आणि तिथून पुढे स्वतःच्या बळावर.

जुन्या प्रयोगशाळांत भ्रूण याच वळणावर अडकत. बऱ्याच जातींच्या उंदरांचे भ्रूण दोन पेशींवर थांबत, डुकराचे चारवर, गाय आणि मेंढीचे आठ ते सोळा पेशींवर. प्रत्येक प्राण्यात हा टप्पा स्वतःची जनुकं चालू होण्याच्या वेळेशी साधारण जुळतो. शरीरात असताना मात्र हेच भ्रूण तो सहज ओलांडत. म्हणजे दोष भ्रूणात नव्हता. डिशमध्ये काहीतरी कमी होतं किंवा काहीतरी जास्त होतं. यातलं नेमकं काय, हे ठरवायला पुढची दोन-अडीच दशकं गेली.

सोबतीच्या पेशी वापरायची कल्पना तशी जुनी. १९६५ सालीच उंदरांचे भ्रूण हेला पेशींच्या थरावर वाढवण्याचे प्रयोग झाले होते. हेला म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या गाठीतून घेतलेल्या आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत असलेल्या पेशी. कॅन्सरच्या पेशींवर भ्रूण वाढवायचा, हे ऐकायलाच विचित्र वाटतं. पण खरा जोर आला तो ऐंशीच्या दशकात. १९८७ साली गांडोल्फी आणि मूर यांनी मेंढीच्या भ्रूणांना मेंढीच्याच गर्भनलिकेच्या पेशींची सोबत दिली आणि भ्रूण अडकण्याचा टप्पा पार करून गेले. १९८९ साली आयस्टोन आणि फर्स्ट यांनी गाईच्या भ्रूणांबाबत तेच दाखवलं. जवळपास त्याच सुमाराला माणसांच्या भ्रूणांवर प्रयोग सुरू झाले. सिंगापूरला आरिफ बोंगसो यांनी स्त्रियांच्या गर्भनलिकेच्या पेशी वापरल्या, अमेरिकेत वासराच्या गर्भाच्या गर्भाशयातल्या पेशी वापरल्या गेल्या आणि १९९० साली फ्रान्समध्ये इव्ह मेनेझो यांच्या गटानं व्हेरो पेशी वापरल्या. व्हेरो पेशींचा उगम १९६२ सालचा, जपानमधला. त्या आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या आहेत आणि पोलिओ, रेबीजसारख्या लसी बनवायला वापरल्या जातात.

प्रत्यक्ष काम असं चालतं. पेशी धुऊन, सुट्ट्या करून डिशमध्ये पसरतात. एक-दोन दिवसांत त्या तळाला चिकटून एकसलग पातळ थर धरतात. ज्या पेशी फार वेगानं वाढतात त्यांचं विभाजन किरणोत्सर्गानं किंवा औषधानं थांबवतात, नाहीतर त्या भ्रूणाचाच घास खाऊन टाकतील. मग वरचा द्रव बदलून भ्रूणाला मानवेल असा द्रव घालतात, त्यात भ्रूण सोडतात आणि डिश ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. तिथे कार्बन डायऑक्साइड ५-६ टक्के असतो, द्रवाची आम्लता ताब्यात ठेवण्यासाठी. वाचायला सोपं वाटलं तरी करायला हे किचकट आहे. प्रत्येक खेपेला थर सारखाच जमेल याची हमी नसते. पेशी थकलेल्या असल्या किंवा दाट झाल्या तर भ्रूणाचं नुकसानच होतं. शिवाय गर्भनलिकेच्या पेशींना केसांसारखे हलणारे तंतू असतात. सपाट प्लॅस्टिकवर काही दिवस काढले की ते तंतू झडतात आणि पेशी चपट्या होतात. म्हणजे नाव गर्भनलिकेचं, पण वागणं तिच्यासारखं उरलेलं नसतं.

आता मूळ प्रश्न: पेशी करत काय होत्या?

पहिलं आणि सगळ्यांना आवडणारं उत्तर म्हणजे पेशी भ्रूणाला काहीतरी देतात. वाढीला चालना देणारी प्रथिनं, संकेत देणारे रेणू, नलिकेत खास तयार होणारी ग्लायकोप्रथिनं, म्हणजे शर्करा जोडलेली प्रथिनं. हे तपासायचा एक साधा मार्ग होता. पेशींवर द्रव काही काळ ठेवायचा, मग पेशी बाजूला काढून नुसत्या त्या 'मुरलेल्या' द्रवात भ्रूण वाढवायचा. आयस्टोन आणि फर्स्ट यांनी गाईच्या भ्रूणांवर हे करून पाहिलं आणि भ्रूण त्या द्रवातही ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचले. अर्थात पेशी प्रत्यक्ष शेजारी असायलाच हव्यात असं नव्हतं. काम द्रवातून होत होतं.

पण इथे घाई नको. मुरलेला द्रव उपयोगी पडला, एवढ्यानं पेशींनी त्यात काही घातलं असं सिद्ध होत नाही. त्यांनी त्यातून काही काढून घेतलं असेल तरी निकाल हाच येईल. दुसरं उत्तर हे असं आहे आणि मला ते जास्त पटतं. प्रयोगशाळेतल्या द्रवात भ्रूणाला त्रासदायक गोष्टी असतात. अमिनो आम्लांच्या विघटनातून अमोनिया साठतो. ऑक्सिजनपासून पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू बनतात. पाण्यातून, काचेतून, रसायनांतून जड धातूंचे अंश येतात. सोबतीच्या पेशी यातलं बरंच शोषतात किंवा निकामी करतात. त्या ग्लुकोजही खातात. सुरुवातीच्या दिवसांत भ्रूणाचं मुख्य इंधन पायरुव्हेट असतं, ग्लुकोजकडे तो नंतर वळतो. त्या काळातल्या काही द्रवांमध्ये फॉस्फेटच्या जोडीनं असलेलं ग्लुकोज कोवळ्या भ्रूणाला उलट बाधत असे.

ऑक्सिजनची गोष्ट तर फारच बोलकी आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि साध्या इन्क्युबेटरमध्येही जवळपास तेवढाच. गर्भनलिकेत आणि गर्भाशयात मात्र तो साधारण २ ते ८ टक्के. पेशींचा थर सतत ऑक्सिजन वापरत असतो, म्हणून त्याला लागून असलेल्या भ्रूणाला तो कमी मिळतो. पेशी काही 'देत' नव्हत्या, भ्रूणाला नको असलेली चैन परस्पर संपवत होत्या. हे कळायला खरं तर पेशींची गरजही नव्हती. टर्व्हिट, व्हिटिंगहॅम आणि रॉसन यांनी १९७२ सालीच मेंढीच्या गर्भनलिकेतल्या द्रवाची रासायनिक नक्कल करून, ५ टक्के ऑक्सिजनमध्ये, कोणत्याही सोबतीशिवाय मेंढीचे आणि गाईचे भ्रूण वाढवले होते. धागा हाताशी होता. तो नीट ओढायला वेळ लागला.

मला सगळ्यात मोठा पुरावा वाटतो तो वेगळाच. यादी पुन्हा पाहा: गर्भनलिकेच्या पेशी, गर्भाशयाच्या पेशी, माकडाचं मूत्रपिंड. काहींनी बीजाभोवतीच्या, तर काहींनी उंदराच्या यकृताच्या पेशीही वापरल्या. सगळ्यांनी थोडीफार मदत केली. मूत्रपिंडाचा आणि गर्भारपणाचा असा काय संबंध? मदत खरोखर गर्भनलिकेच्या खास रसायनाची असती, तर मूत्रपिंडाच्या पेशींना ती जमली नसती. ज्याअर्थी कुठल्याही अवयवाच्या पेशी चालतात, त्याअर्थी बराचसा फायदा जिवंत पेशी सरसकट जे करतात त्याचा होता: ऑक्सिजन वापरणं, विषारी अंश काढणं, द्रवाचा समतोल राखणं.

'बराचसा' म्हटलं, 'सगळा' नाही. वाढीचे काही संकेत भ्रूणाला खरोखर लागतात, त्यातले काही तो स्वतःच तयार करतो. १९९० साली पारिया आणि डे यांनी दाखवलं की उंदराचे भ्रूण एकेकटे ठेवले तर कमी वाढतात, घोळक्यात ठेवले तर चांगले वाढतात आणि एकट्या भ्रूणाला वाढीचे ठरावीक घटक दिले तर ही उणीव काही अंशी भरून निघते. भ्रूणच भ्रूणाची सोबत करतो. आयव्हीएफमध्ये मात्र प्रत्येक भ्रूणाची प्रगती वेगळी नोंदवायची असल्यानं त्यांना अनेकदा स्वतंत्र थेंबातच ठेवतात.

हे एकेक कोडं सुटत गेलं तसं पेशींचं काम बाटलीत आणि यंत्रात गेलं. १९८९ साली उंदराच्या भ्रूणांसाठी सीझेडबी हा द्रव आला. ग्लुकोज वगळून, ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल आणि धातू पकडून ठेवणारं ईडीटीए घालून त्यानं दोन पेशींवरची अडवणूक मोडली. ईडीटीए हे एक साधं रसायन आहे, त्यात सजीव असं काही नाही. तरी पेशींच्या कामाचा मोठा तुकडा त्यानं उचलला. नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्यानं बदलणारे द्रव आले: पहिल्या तीन दिवसांसाठी गर्भनलिकेच्या जवळ जाणारा, पुढच्या दिवसांसाठी गर्भाशयाच्या जवळ जाणारा. ५ टक्के ऑक्सिजनचे इन्क्युबेटर आले आणि त्यांच्यामुळे जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण सुधारतं, असं २०१२च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या स्वतंत्र अभ्यासात दिसलं. आज चांगल्या प्रयोगशाळेत फलन झालेल्यांपैकी साधारण निम्मे भ्रूण कोणत्याही सोबतीशिवाय ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचतात. उरलेले पोचत नाहीत त्याचं मोठं कारण गुणसूत्रांमधल्या चुका, आणि त्या कुठल्याही पेशींच्या सोबतीनं सुधारत नाहीत.

मग माणसांवरच्या अभ्यासांचं काय? २००८ साली उपलब्ध चाचण्या एकत्र करून केलेलं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. को-कल्चरमुळे भ्रूणाच्या पेशींची संख्या, रुजण्याचं प्रमाण आणि गर्भधारणेचं प्रमाण वाढलेलं त्यात दिसलं. नुसतं एवढंच वाचलं तर प्रश्न मिटला असं वाटेल. पण चाचण्या एकमेकींपेक्षा फार वेगळ्या होत्या: पेशी वेगळ्या, द्रव वेगळे, रुग्ण वेगळे. को-कल्चरची तुलना ज्या साध्या द्रवाशी झाली, तो आजच्या मानानं अनेकदा कच्चा होता. लंगड्या प्रतिस्पर्ध्याशी शर्यत लावल्यावर जिंकण्याला फार किंमत देता येत नाही.

याच क्षेत्रातली आणखी एक गफलत वारंवार दिसते. अनेकदा अपयश आलेल्या जोडप्यांना को-कल्चर देतात आणि निकालाची तुलना त्यांच्याच मागच्या खेपेशी करतात. मागची खेप वाईट गेली म्हणूनच तर ती जोडपी या गटात आली. पुढची खेप काहीही न करता सरासरीनं थोडी बरी जाण्याचीच शक्यता असते. ज्या दिवशी ताप उतरतो त्या दिवशीच्या काढ्याला श्रेय देण्यासारखं हे आहे. खरी परीक्षा एकच. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायचे, दोन्हींना आजचा उत्तम द्रव आणि कमी ऑक्सिजन द्यायचा, एकाला वर पेशी द्यायच्या आणि मोजायचं ते जन्मलेलं बाळ. भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसतो, हे मोजमाप पुरेसं नाही.

धोक्यांकडेही पाहायला हवं. प्राण्यांच्या पेशींतून विषाणू येण्याची भीती सैद्धांतिक असली तरी ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. अमेरिकेत २००१ सालच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनी झेनोट्रान्सप्लांटेशनची, म्हणजे प्राण्यांचा अवयव किंवा पेशी माणसात बसवण्याची व्याख्या इतकी रुंद केली की प्राण्यांच्या जिवंत पेशींशी शरीराबाहेर संपर्क आलेल्या मानवी पेशीही तिच्यात आल्या. माकडाच्या पेशींवर वाढलेला भ्रूण आईच्या पोटात ठेवणं हे त्यामुळे थेट त्या नियमांखाली गेलं आणि तिथे प्राणी-पेशींचं को-कल्चर जवळजवळ थांबलं.

जनावरांच्या गोठ्यातून आलेला इशारा त्याहून गंभीर होता. रक्तातला सीरम घातलेल्या द्रवात किंवा पेशींच्या सोबतीनं वाढवलेल्या भ्रूणांपासून काही वेळा नेहमीपेक्षा फार मोठी वासरं-कोकरं जन्मत, प्रसूती अवघड होई, पिल्लं दगावत. २००१ साली मेंढ्यांमध्ये याचा संबंध आयजीएफ-२-आर या जनुकावरच्या रासायनिक खुणा पुसल्या जाण्याशी जोडला गेला. जनुक तेच, पण ते चालू-बंद ठेवणाऱ्या खुणा डिशमधल्या त्या थोड्या दिवसांत बदललेल्या. भ्रूण जोमानं वाढतोय म्हणजे चांगलंच चाललंय, असं समजू नये हे यातून कळतं. माणसात हे जनुक मेंढीसारखं नियंत्रित होत नाही, त्यामुळे तोच परिणाम जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. पण सावध राहायला तो पुरेसा आहे.

यामुळे उरलेलं को-कल्चर मुख्यतः स्त्रीच्या स्वतःच्या पेशींवर आलं. त्यात दोन प्रकार. एक क्युम्युलस पेशींचा, म्हणजे बीजाभोवतीच्या ढगासारख्या आवरणाचा. बीज काढताना त्या आपसूक मिळतात, एरवी फेकूनच देतात. दुसरा गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशींचा, त्यासाठी आधी अस्तराचा छोटा तुकडा काढावा लागतो.

सोबतीच्या पेशींची कल्पना इतरत्र मात्र चांगली जगते आहे. भ्रूणातल्या मूलपेशी १९८१ साली उंदरात आणि १९९८ साली माणसात पहिल्यांदा वाढवल्या गेल्या, त्या दुसऱ्या पेशींच्या थरावरच. १९८८ साली कळलं की उंदराच्या बाबतीत त्या थराचं मुख्य काम एलआयएफ नावाचं एक प्रथिन करतं. मग ते बाटलीतून घालता येऊ लागलं. भ्रूणांच्या द्रवात मात्र एखादं प्रथिन घालून इतकं स्वच्छ यश आलेलं नाही. जीएम-सीएसएफ हा गर्भमार्गात तयार होणारा घटक घातलेले द्रव बाजारात आहेत, पण त्यामुळे जिवंत बाळं जास्त जन्मतात असं २०२०च्या कोक्रेन आढाव्याला ठामपणे म्हणता आलं नाही.

पेशी चपट्या होऊन स्वभाव विसरतात, ही अडचण सोडवायचा प्रयत्नही झाला आहे. २०१८ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी गाईच्या गर्भनलिकेच्या पेशी एका छोट्या चिपमध्ये वाढवल्या, जिथे त्यांना खालून पोषण आणि वरून मोकळी पोकळी मिळते. पेशींनी आपले तंतू आणि उभा आकार टिकवला. त्या चिपमध्ये फलन झालेले भ्रूण जनुकांच्या कामकाजात आणि रासायनिक खुणांमध्ये शरीरातल्या भ्रूणांच्या जास्त जवळचे निघाले. मला हे काम महत्त्वाचं वाटतं, कारण इथे मोजलं गेलं ते भ्रूणाच्या आत काय चाललंय. त्याचा माणसांच्या उपचारात वापर अजून दूर आहे.

एक पाऊल मागे, म्हणजे भ्रूण बनण्याआधी, बीज पिकवण्यासाठीही आधारपेशी वापरल्या जात आहेत. मूलपेशींपासून अंडाशयाच्या पेशी तयार करायच्या आणि त्यांच्या सोबतीत अपक्व बीज डिशमध्ये साधारण एका दिवसात पिकवायचं. या मार्गानं जन्मलेल्या पहिल्या बाळाची घोषणा डिसेंबर २०२४मध्ये पेरूमधून झाली. यात हार्मोनची इंजेक्शनं खूप कमी लागतात, म्हणून मला हा वापर भ्रूणाच्या को-कल्चरपेक्षा जास्त आशादायक वाटतो. बीजाला शरीरातही आधारपेशी अगदी चिकटून असतात, त्यांच्याशी त्याची सूक्ष्म नळ्यांनी देवघेव चालते. भ्रूणाचं तसं नसतं. तो कवचाच्या आत, नलिकेच्या द्रवात सुटा तरंगत असतो.

कुणाला को-कल्चर सुचवलं गेलं असेल तर डॉक्टरांना काही गोष्टी जरूर विचाराव्यात. पेशी कुणाच्या, आणि त्यांची संसर्गाची तपासणी होते का? तुमच्या प्रयोगशाळेत इन्क्युबेटरचा ऑक्सिजन किती टक्के आहे? तो २० टक्के असेल, तर पेशींआधी इन्क्युबेटर बदलणं जास्त उपयोगाचं. आणि कोणत्या वयाच्या, कोणत्या अडचणीच्या स्त्रियांमध्ये, कशाशी तुलना करून फायदा दिसला? अस्तराच्या पेशी वापरणार असतील तर तुकडा आधीच्या पाळीच्या चक्रात काढावा लागतो, म्हणजे उपचार किमान एक महिना पुढे जातो. चाळिशीच्या आसपासच्या स्त्रीनं हा महिना हिशेबात धरावा.